मी दोन दिले होते

"तुझे वडील हलगी वाजवतात ना? मग परिषदेच्या पाहुण्यांच्या स्वागताला बाहेरून कशाला कुणाला आणायचं? त्यांनाच बोलव."

माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. कराडच्या कॉलेजात, स्टाफरूमच्या दारात, हातात चहाचा कप. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान मला राग तरी आला असता. सगळे माना डोलवत होते. काय छान कल्पना.

मी 'हो सर' म्हणाले आणि फोन लावला. मीच लावला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी बाजू चांगली दिसेल.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हलगी कधीच सोडली होती. आमचं गाव वडूजच्या पलीकडं. यात्रा असो, लग्न असो, मयत असो, मांगवाड्यातली हलगी हक्कानं बोलावली जायची. दारात वाजवायचं, दारातच खायचं. मी सहावीत होते तेव्हा अण्णा यात्रेच्या पंचांना म्हणाले, "हितनं म्होरं आमी वाजवनार न्हाई. पोरीला शिकवायची हाय." त्यानंतर दोन वर्षं गावात कुणी त्यांना रानात कामाला लावलं नाही. ते वडूजला गवंड्याच्या हाताखाली जायला लागले. हलगी खुंटीवर गेली. संशोधनाला लागल्यावर सरांनी एकदा सहज विचारलं होतं, वडील काय करतात. मी सगळं सरळ सांगितलं होतं. त्यातली त्यांच्या लक्षात फक्त हलगी राहिली.

फोनवर मी म्हणाले, "अण्णा, सरांनी बोलावलंय. हलगी घेऊन या."

त्यांनी एवढंच विचारलं, "तुजं काम व्हतंय का त्यानं?"

"व्हय."

"मग येतू."

माझं काम. जगातल्या मोठ्या दुर्बिणी लाखो दीर्घिकांचा प्रकाश उकलून ठेवतात. प्रत्येक दीर्घिकेच्या रंगांचा एक आलेख. दीर्घिका जितकी लांब, तितक्या त्यातल्या रेघा तांबड्या बाजूला सरकलेल्या. किती सरकल्या ते मोजलं की अंतर कळतं. अशी अंतरं मांडत गेलं की विश्वाचा नकाशा तयार होतो आणि त्यावरून डार्क मॅटर, डार्क एनर्जीचा माग काढता येतो. एक ओढतं, एक ताणतं. दोन्ही दिसत नाहीत. दीर्घिका कुठं गोळा झाल्या, कुठं पांगल्या, एवढंच दिसतं. मला हे समजायला वेळ लागला नाही. गावात कोण कुठल्या पायरीशी थांबतो, कोण कुणाला बघून वाट बदलतो, हे बघत मी मोठी झाले होते. तिथंही जोर लावणारं काही दिसत नव्हतं.

अंतर मशीन काढतं. पण मशीन चुकतं. म्हणून माणसानं आलेख डोळ्यांनी बघायचा आणि गुण द्यायचा. चार म्हणजे खात्री. दोन म्हणजे शंका. गुणाशेजारी बघणाऱ्याच्या नावाची अक्षरं. दिवसभर तेच. लोकांना कंटाळा यायचा, मला ते काम लय आवडायचं.

आकाशाच्या एका तुकड्यातल्या पुष्कळ दीर्घिका मशीननं एकाच अंतरावर नेऊन ठेवल्या. नकाशावर सरळ भिंत उभी राहिली. सर हरखले. त्या भिंतीवर त्यांनी परिषद ठरवली. मी आलेख उघडून बघितले. प्रत्येकात एकच रेघ, खात्रीला लागणारी जोडीची दुसरी कुठंच नाही, आणि ती एक रेघ सगळ्यांत नेमकी त्याच जागी. आपल्या डोक्यावरची हवाही मंद चमकत असते. तिच्या रेघा ठरलेल्या जागी येतात. त्या वजा करतात, तरी उरलंसुरलं राहतंच. मशीननं आपल्याच हवेला लांबची दीर्घिका समजून घेतलं होतं. भिंत नव्हतीच. मी सगळ्यांना दोन दिले आणि सरांना जाऊन सांगितलं.

ते म्हणाले, "तुझं काम बघायचं. ठरवायचं नाही."

परिषदेच्या दिवशी अण्णा पहिल्या एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा सदरा. कातडं ताणायला हलगी शेकावी लागते, म्हणून त्यांनी गेटपाशी दोन कागद पेटवले, तर वॉचमननं हटकलं. "आवं, हितं जाळ करू नका. पार्किंगच्या मागं जावा." ते गेले. शेकून परत आले. मी तेव्हा सभागृहात सरांच्या स्लाईड लावत होते. एसी चालू, दारं बंद. काचेतून मला अण्णांचे हात दिसत होते. दोन्ही हात जोरात चाललेले, आणि आवाज काहीच नाही.

पाहुणे आत आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाहेर हलगी वाजवतायत ना, त्यांची ही मुलगी. आमच्याकडे डेटा बघते. कुठून कुठे आणली, बघा." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवायला आत टेबलं होती. अण्णांना कुणीतरी कागदी प्लेट दिली, ते मागच्या पायरीवर बसून जेवले. मला खिडकीतून दिसत होतं. मी माझं ताट घेऊन त्यांच्याकडं गेले नाही. गेले असते तर कुणी अडवलं नसतं. तरी गेले नाही.

दुपारी सरांनी भिंत दाखवली. प्रश्नोत्तरांना माझ्याकडं माईक दिला होता, विचारणाऱ्याच्या तोंडापुढं नेऊन धरायला. पुण्याहून आलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "हे आलेख डोळ्यांनी कोणी तपासले? इतक्या एकेकट्या रेघांना चार गुण कोणी दिले?"

पडद्यावर यादी होती. सगळीकडं चार. शेजारी माझ्या नावाची अक्षरं.

सर म्हणाले, "ती उभी आहे ना माईक घेऊन, तिनेच."

सगळे माझ्याकडं वळले. माझे दोन पुसून कुणीतरी चार लिहिले होते आणि खाली मला उभं केलं होतं. उद्या भिंत पडली तर ती माझ्या अंगावर पडणार होती. मी माईक बाईंच्या तोंडापुढून काढला आणि स्वतःच्या तोंडाशी धरला.

"मी दोन दिले होते. हे चार माझे नाहीत. ही भिंत नाही, ही आपली हवा आहे."

सर हसले. "गावाकडची मुलं, एवढ्या लोकांपुढे घाबरतात."

"घाबरले नाही, सर. मूळ फाईल उघडा."

फाईल कुणी उघडली नाही. चहाची वेळ झाली होती. बाई खाली बसल्या आणि वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

स्टँडवर अण्णांना मी काही सांगितलं नाही. एसटी लागली, तसं त्यांनी विचारलं, "आवाज आत आला का गं?"

"आला, अण्णा."

त्यांनी मान हलवली. बरं वाटलं त्यांना. पुढच्याच वर्षी ते गेले. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. आता आलेख उघडला की पहिल्यांदा रेघा दिसत नाहीत. काचेपलीकडं चाललेले हात दिसतात. कान देऊन बसते. काही ऐकू येत नाही. मग कामाला लागते.

सरांनी माझ्या अहवालांवर सही करायचं थांबवलं. शिष्यवृत्ती बंद झाली. आता मी माधवनगरला एका खोलीत राहते, सांगलीत अकरावी-बारावीला शिकवते. नवीन मार्गदर्शक मिळाल्यात, पण कराडच्या तीन वर्षांच्या कामाचे कागद सरांकडंच अडकलेत. त्यांचा पेपर छापून आला. यादी जगभर खुली झाली. नसलेली भिंत तिथं उभी आहे आणि तिच्या प्रत्येक विटेवर माझं नाव आहे. हे आलेख पुरवणाऱ्या आकाश-सर्वेक्षणाच्या समितीकडं मी तक्रार लिहून पाठवली. त्यांनी पुरावा मागितला.

परवा सरांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"झालं गेलं सोड. तक्रार मागे घे. उद्याच्या उद्या कागदांवर सही करतो. वर्षभरात डॉक्टर होशील. वडिलांना किती आनंद झाला असता, विचार कर."



"सर, ते गुण मी दिलेले नाहीत. तक्रार राहील."

"आयुष्याचं वाटोळं करून घेशील."

मी फोन ठेवला. आलेख बघताना मी माझे गुण वहीतही लिहायचे, तारीख टाकून, पेननं. त्या वहीच्या पानांचे फोटो काढायला घेतलेत. रोज शिकवून आले की दहा पानं पाठवते. समितीला कंटाळा आला तरी पाठवीन. पदवी अडकली तर अडकू दे. त्या यादीत माझ्या नावापुढं एक जरी खोटा चार आहे, तोवर मी गप्प बसणार नाही.