वरच्या खोलीतली बाई

सुनेत्रा स्वभावाने गरीब, असं हॉलंडमधल्या वाखनिंगनची सगळी मराठी मंडळी सांगतील. मंडळींना काय, गणपतीला कुणी किती मोदक वळले यावरून ती माणसं ओळखतात. तिला नाद एकच, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या रहस्यकथांचा. धुक्यातली हवेली, तिचा घुम्या देखणा मालक, त्याच्या प्रेमात पडलेली गरीब शिक्षिका आणि वरच्या कुलूपबंद खोलीत रडणारी कुणी बाई. तिचा नवरा हरीश टोमॅटोच्या रोगांवर संशोधन करी आणि या पुस्तकांना 'भुतांची लग्नं' म्हणे.

लग्न होऊन पुण्याला सासरी आली तेव्हा असल्याच एका कादंबरीचं मराठी रूपांतर तिच्या बॅगेत होतं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. एकदा माहेरहून परतली तर पुस्तक गायब.

"रद्दीत घातलं," सासूबाई म्हणाल्या. "नव्या नवरीने घर बघावं, मडमांची लफडी नव्हे."

आल्यागेल्याला हे सांगून त्या हसायच्या. सुनेत्राही हसायची. पुढे सासूबाई पुष्कळ काही बोलल्या, ते ती विसरलीसुद्धा. ही एक गोष्ट मात्र तिने लोणच्यासारखी मुरत ठेवली.

करोनाच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये सायकलवरून हिंडताना, एका घराच्या कुंपणाशी लोकांसाठी ठेवलेल्या पुस्तकांच्या कपाटात तिला त्याच कादंबरीचं मूळ इंग्रजी पुस्तक सापडलं. तिथेच उभ्या उभ्या तिने शेवटचं प्रकरण वाचून काढलं आणि पुस्तक घरी आणलं.

दुसऱ्या लाटेत पुण्याला सासूबाईंना करोना झाला. थोरल्या जावेने, शामलाने, त्यांना वरच्या खोलीत ठेवलं. जेवणाचं ताट दाराबाहेर, आणि आत जायची कुणाची छाती नाही. हरीश रोज दोन मिनिटं तब्येत विचारी आणि फोन बायकोच्या हातात देई.

"भिंतींशी किती बोलायचं गं?" एक दिवस सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या भुतांची एखादी गोष्ट तरी सांग."

सुनेत्राने कपाटातून नेमकं तेच पुस्तक काढलं.

मग रोज पुण्याच्या दुपारच्या चहाला फोन ठरलेला. सांगायची हातोटी तिच्याकडे होतीच. सासूबाई शिक्षिकेला "मूर्ख आहे कार्टी" म्हणत, मालकाच्या नावाने बोटं मोडत, धाप लागली की थांबत आणि मग म्हणत, "हं, पुढे." शिक्षिकेने वरच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि सुनेत्राने पुस्तक मिटलं.

"आज इतकंच, आई. शेवट उद्या."

दुसऱ्या दिवशीही तिने उद्यावरच ढकललं. त्याच्या पुढच्या दिवशी सासूबाईंचा आवाज पार खोल गेला होता. ऑक्सिजन उतरतोय, कुठे बेड मिळत नाहीये, असं शामलाने सकाळीच कळवलं होतं.

"सांग ना गं. कोण असतं त्या खोलीत?"

त्यांचं आता काही खरं नाही हे सुनेत्राला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिला बरं वाटत होतं. आतून गार वाटत होतं.

"शेवट रद्दीत गेला हो, आई," ती म्हणाली.

पलीकडे सासूबाई खोकत खोकत हसल्या.

"मालकाची आई असते ती. त्यानेच कोंडलेली असते. रद्दीत घालायच्या आधी वाचलं होतं मी."

"मग इतके दिवस विचारत का होतात?"

"तू फोन करत होतीस म्हणून. उद्या कर हं. दुसरी सांग एखादी."

सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मुरवलेला सूड म्हातारीने एका वाक्यात मातीला मिळवला होता. दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली तेव्हा तिने फोन ओट्यावर पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. फोन वाजला. पुन्हा वाजला. तिने नळ मोठा सोडला.

संध्याकाळी शामलाचा फोन आला तो रडतच.

"आई गेल्या गं. दुपारी दारापाशी चहा ठेवायला गेले तर आतून आवाज येत होता. म्हणत होत्या, 'हं, पुढे.' मला वाटलं, तुझाच फोन चालू आहे. म्हणून मी दार उघडलंच नाही."