ऑफिसात आलं वेलनेस

पेपरच्या ऑफिसात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. जे छापता येत नाही, ते आपोआप साचत जातं. आमच्या दैनिकाच्या सांगली कचेरीत वर्षभर जे साचलं, त्याला व्यवस्थापनानं नाव दिलंय 'एम्प्लॉयी वेलनेस'. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी म्हणे आता कंपनी घेणार. इतकी वर्षं नोकरी केली, पण कंपनीची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

*

पहिला हुकूम निघाला योगाचा. सकाळी सहाला, सगळ्यांना सक्तीचा. आमची शेवटची पानं छपाईला जातात तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. मी पुण्याच्या एचआर मॅडमना फोन करून विचारलं, मग माणसानं झोपायचं कधी?

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, झोप हा पुढच्या तिमाहीचा विषय आहे."

*

योगशिक्षकांनी शवासन घ्यायला सांगितलं आणि अख्खा संपादकीय विभाग घोरायला लागला. शिक्षक बिचारे गोंधळले. आमचे वॉचमन निकम मामा साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. ते दारातूनच म्हणाले, "उठवू नगा गुरुजी. लय दिसांनी पडल्यात, पडू द्या."

दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात फोटो होता: 'ध्यानात तल्लीन झालेले कर्मचारी'.

*

मग चालण्याची स्पर्धा झाली. त्यात आमचा जतचा वार्ताहर बंडगर सगळ्या आवृत्त्यांत पहिला आला. येणारच. त्याच्या मोटरसायकलचं पेट्रोल कंपनीनं बंद केलं होतं. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून गावात पायी जाऊन तो बातमी आणायचा.

बक्षीस काय, तर पुण्यातल्या जिमची मेंबरशिप. बंडगरनं मला विचारलं, "सायेब, हितनं चालतच जाऊ का?"

*

आता वैशालीचं. कवठे महांकाळची पोरगी, ऑफिसातली एकुलती एक महिला रिपोर्टर. योगाच्या चटया आल्या, त्या ठेवायला जागा नव्हती. म्हणून त्या बायकांच्या टॉयलेटमध्ये रचल्या आणि दाराला कुलूप घातलं. पुरुषांच्या टॉयलेटला आतून कडी नाही. मग ती समोरच्या काकूंच्या घरी जायची. काकू घरी नसल्या की दिवसभर पाणीच प्यायची नाही. लघवीच्या त्रासानं दोनदा दवाखान्यात ॲडमिट झाली. पुन्हा असं झालं तर किडनीवर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

मला म्हणाली, "सर, नोकरी सोडायची तर घरी कारण काय सांगू?"

*

वेलनेसचा एक सर्व्हे आला, त्यात मी सरळ लिहिलं, आधी बायकांचं टॉयलेट मोकळं करा. सर्व्हे निनावी होता, फक्त एम्प्लॉयी कोड भरल्याशिवाय पुढं जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "ती निनावी तक्रार तुमचीच ना, सर? जरा पॉझिटिव्ह राहा."

*

शेवटी मॅडम स्वतः सांगलीला आल्या. भरपूर पाणी पिण्याच्या महत्त्वावर तासभर बोलल्या आणि बोलता बोलता दोन बाटल्या संपवल्या. टाळ्या झाल्या. मग त्यांनी वैशालीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, वॉशरूम कुठं आहे?

निकम मामांनी कुलूप काढलं. चटया थेट छताला टेकलेल्या. "हे काढायला येळ लागंल मॅडम," मामा म्हणाले.

मॅडमनी पुरुषांच्या दाराकडं बघितलं. आत आमचा क्रीडा प्रतिनिधी दार पायानं दाबून धरून मोठ्यानं गाणं म्हणत होता. आत कुणी आहे हे कळायला आमच्याकडं तेवढीच सोय आहे.

वैशाली त्यांना रस्त्यापलीकडं घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो, बातमीदारच शेवटी. काकूंच्या दाराला कुलूप होतं.

वैशालीनं पायरीवरची धूळ ओढणीनं झटकली.

"बसा मॅडम. काकू बाजारात गेल्यात, येतील. पायावर पाय टाकून बसा, जरा निभतं."