वाळू परत करणारी घरमालकीण

आधीच सांगते, माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, हातात खुरपं आलं ते आलंच. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. मला फक्त आमच्या घरमालकिणीबद्दल लिहून ठेवायचं आहे. गेल्या मंगळवारी ती हे गाव सोडून गेली, आणि जायच्या आधी तिचे माझ्याकडचे पैसे फिटतात की मी तिच्या वहीत कायमची बुडवी ठरते, या भीतीनं मी हा हिवाळा कसा काढला ते माझं मला ठाऊक.

दुसऱ्याची वस्तू परत करायची एवढी घाई असलेली बाई उभ्या जपानात दुसरी नसेल. उभा जपान मी पाहिलेला नाही, पण पैज लावायला तयार आहे. ती वाळूसुद्धा परत करायची.

आमचं गाव तोत्तोरीकडे समुद्राच्या कडेला, वाळूच्या टेकड्यांना टेकून आहे. आमचे हे तिथल्या एका इंडियन हॉटेलात आचारी. मी यायच्या आधी यांनी फोनवर सांगितलं होतं, "अगं, वाळवंट आहे." मी सुती साड्या भरून घेतल्या. इथं बघते तर आठवड्यातले चार दिवस पाऊस, आणि थंडीत वाळूवर गुडघाभर बर्फ. वाळवंट म्हणून खरी ती फक्त वाळू आणि माणसं नसणं. बाजारपेठेतली निम्मी शटरं मी आल्यापासून उघडलेली नाहीत. पाहुण्यांना फिरवायला उंट आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे बघत उभी राहायची, कारण आपला मुलूख सोडून इथं आलेलं आमच्याशिवाय तेवढंच कुणी होतं. यांच्या मित्राची बायको कावासाकीहून फोन करते. "तुमच्याकडे इंडियन स्टोअर किती लांब आहे हो?" असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या घरापासून दोन गल्ल्या." वाळू भातात असते, उशीत असते, दातांत असते. हे सकाळी जातात ते रात्री येतात. काही दिवस असे जायचे की माझ्या तोंडून निघालेला आवाज म्हणजे फक्त खोकला.

पुढच्या अंगाला मालकीण राहायची, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. भाडं हॉटेलचा मालक परस्पर भरायचा, त्यामुळे तिचा-माझा तसा काही व्यवहार नव्हता. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, डोक्यावर मागून पडदा असलेली शेतातली टोपी. मी तिला आजी म्हणायची. माझं नाव तिच्या जिभेला झेपेना, म्हणून ती मला इंदो-सान म्हणायची, म्हणजे अख्ख्या देशाचा भार माझ्यावर. रोज संध्याकाळी ती घर झाडायची आणि सुपलीतली वाळू लोणच्याच्या बरणीत भरायची. शनिवारी बरणी सायकलला बांधून टेकड्यांपाशी जायची आणि तिथं ओतून, वाकून नमस्कार करून यायची. टेकड्यांवरची वाळू नेऊ नये अशी तिथं पाटी आहे. पण वाऱ्यानं घरात आणून टाकलेली वाळू पोचवून द्यावी असं कुठल्याच पाटीवर नाही, हे मी माझ्या भाजीपुरत्या जपानीत तिला समजावलं. ती म्हणाली, "मी मागितली नव्हती, खरं आहे. पण माझ्या घरात आहे म्हणजे माझ्याकडे आहे." मी म्हटलं, "आजी, रविवारी ती परत येते." ती म्हणाली, "येऊ दे. तो तिचा प्रश्न." बसथांब्यावर ती जुनं वर्तमानपत्र पसरून बसायची आणि फिरायला आलेल्या लोकांना बूट काढून झटकायला लावायची. एकदा सेंदाईहून आलेली कॉलेजची सात-आठ पोरं मोज्यांवर रांगेत उभी होती आणि ही एकेकाचा बूट उलटा करून आत डोकावत होती. बस मात्र चुकली.

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात तिनं वाडगाभर उकडलेली रताळी दिली. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्यात शंकरपाळे घातले. त्यांच्यात घेतलेल्या वस्तूची फेड केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वाडगा मुळ्याचं लोणचं घेऊन आला. मी शेव घातली. ती मासे घालून आली. अकरा दिवस तो वाडगा दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालत होता. माझं बेसन संपलं, तिची कपाटं रिकामी झाली, पण थांबायचं कुणी? शेवटी तो वाडगा यांच्या हातून फुटला. मुद्दाम नव्हे, असं हे अजून सांगतात.

उन्हाळ्यात पहाटे गावातली माणसं टेकड्यांवर गवत उपटायला जातात. एकदा ती मला घेऊन गेली. मी लासलगावच्या बाजूची, जन्म कांद्याच्या वाफ्यांत निंदणी करण्यात गेलेला. बसले, आणि तासाभरात माझी ओळ सगळ्यांच्या पुढं. मग विचारलं, "इथं पेरणार काय?" ती म्हणाली, "काही नाही. गवत वाढलं तर वाळवंट राहणार नाही. मग इथं कोण येईल?" मी खुरपं खाली ठेवलं. आमच्याकडे काहीतरी उगवावं म्हणून निंदतात, इथं काहीच उगवू नये म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. हे जेवायला आले तेव्हा भात लावलेला नव्हता.

तिला ते बहुतेक कळलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि आपणहून सांगायला लागली. डोंगरातल्या खेड्यातून ती सून म्हणून इथं आली तेव्हा वाळूतल्या शेतांना पाणी खांद्यावरून न्यावं लागे, कावडीनं, दिवसातून कितीतरी खेपा. ओतलेलं पाणी वाळू तिथल्या तिथं गिळायची. त्या कामाला इकडे नावच होतं, 'सून मारणारं काम'. मी विचारलं, "मग तुम्ही?" ती म्हणाली, "मी कुठली मरते? सासू मेली." आणि टोपीचा पडदा तोंडावर घेऊन हसली. तिनंच मला बाइतो, म्हणजे तासावारी काम, लावून दिली. इकडे वाळूत लसणाएवढे लोणच्याचे कांदे होतात. शेडमध्ये बसून त्यांची मुळं आणि पात छाटायची. सहा वर्षांत या गावात मला जमलेली ती पहिली गोष्ट.

मग वडील गेल्याचा फोन आला. दहाव्याला तरी पोचावं असं वाटत होतं. पण हॉटेलात थंडीचं गिऱ्हाईक नाही, मालकानं दोन महिन्यांचा पगार थकवलेला. मी पैसे मागायला आजीच्या दारात गेले, आणि तोंड उघडेना म्हणून झाडू मागून आले. परत गेले, मुळा घेऊन आले. तिसऱ्यांदा बादली मागितली. ती म्हणाली, "बादली तुझ्याकडे आहे, निळी. मी बघितलीय. आता खरं सांग." मी म्हटलं, "वडील गेले. तिकीट." तिनं बिस्किटांच्या डब्यातून नोटा काढल्या. एका वहीत पट्टीनं पंधरा चौकोन आखले, पंधरा महिन्यांचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हप्ता द्यायचा आणि ती त्या चौकोनात आपल्या नावाचा लाल शिक्का मारणार. खाली माझी सही घेतली. "हे काय लिहिलंस?" "माझं नाव." तिनं वही दूर धरून पाहिली. "दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय. पण खरं वाटतं." वर हप्त्यांसाठी म्हणून बँकेची बारा साधी पाकिटं दिली. तेवढीच होती तिच्याकडे.

बारा महिने एकही रविवार चुकला नाही. ती चष्मा लावायची, दोनदा मोजायची, शिक्क्यावर फुंकर घालून तो अगदी सरळ उमटवायची आणि चहा करायची. मग गावातलं सांगायची, कोण वारलं, कुठलं घर बंद झालं. बातम्या सगळ्या अशाच. पण महिन्यातला तो अर्धा तास कुणीतरी माझ्याशी बोलायचं.

तेराव्या महिन्यात पाकिटं संपली. मी शंभर येनच्या दुकानातून माझ्या पैशानं तीन पाकिटं आणली. लाल-सोनेरी दोऱ्यांचीही होती, पण उसने पैसे परत करताना एवढं नटवं बरं दिसत नाही, म्हणून पांढरी, काळ्या आणि चंदेरी दोऱ्यांची घेतली. त्यावर काहीतरी छापलेलं होतं. जपानी अक्षरं मला वाचता येत नाहीत. त्या रविवारी आजीनं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. ती कधी वाकली नव्हती इतकी वाकली आणि आत निघून गेली. देव्हाऱ्यातली बारकी घंटा वाजल्याचं मला ऐकू आलं. वही निघाली नाही, शिक्का नाही, चहासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र चहापत्तीचा मोठा खोका माझ्या दारात. पुढच्या महिन्यात तेच, आणि टॉवेलांची पेटी. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच, आणि समुद्रातल्या शेवाळाचे कागद.

"म्हातारीला विसर पडायला लागलाय," हे म्हणाले. "शिक्का मागून घे."

"कसा मागू? म्हणजे तुमच्या डोक्यात बिघाड झालाय असं तोंडावर सांगायचं?"

"मग टॉवेलानं तोंड पुसत बस. वहीत तीन चौकोन कोरे आहेत. उद्या काही झालं तर कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?"

हेच माझ्या पोटात होतं. शेडमधल्या बायका म्हणतील, इंदो-साननं बापाच्या दहाव्याचे पैसे बुडवले. मी एक वाक्य आरशापुढं पाठ केलं, 'आजी, शिक्का राहिलाय.' तिच्या दारात गेले आणि चिमटे मागून आले. भेटवस्तू मी उघडल्याच नाहीत. एकावर एक रचून ठेवल्या.

त्याच सुमारास ती बर्फावर घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून आली ती काठी घेऊन, आणि पाठोपाठ नागोयाहून तिची मुलगी आली, आईला कायमची घेऊन जायला. घरात खोके भरले जात होते. जायच्या आधीच्या रविवारी मुलीनं मला बोलावलं. तिच्या हातात ती वही होती.

मुलगी हळू बोलत होती, मला समजावं म्हणून. "आई म्हणते, इंदो-सानना पैशांबद्दल काही विचारू नकोस. त्यांचे हाल चाललेत, तीन महिने हप्ता देता आला नाही. तरी माझ्या बाबांच्या, यंदा येणाऱ्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाचं पाकीट मात्र दर महिन्याला आणून देत होत्या. आईला फार लागून राहिलंय ते."

मला काही कळेना. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथं तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढं माझी तिन्ही पाकिटं ओळीनं मांडलेली, बंद. मी बोट दाखवलं. "ते हप्ते आहेत."

मुलीनं एक पाकीट उचललं. "हे कुठून आणलंत?"

"शंभर येनच्या दुकानातून."

"अहो, काळ्या दोऱ्याचं पाकीट मयताला द्यायचं असतं. यावर छापलंय, 'दिवंगताच्या चरणी'." आणि ती मटकन खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अशा पाकिटाची निम्मी परतफेड वस्तूंनी करायची इकडे रीत आहे. श्राद्ध होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही म्हणून आत किती असतील याचा अंदाज करून आजी बिचारी चहा आणि टॉवेल पोचवत होती. तिला वाटत होतं माझे हाल चाललेत, मला वाटत होतं तिचं डोकं चळलंय. आणि दोघी एकमेकींना लाजून तीन महिने गप्प.

आजी हसली नाही. काठी टेकत देव्हाऱ्यापाशी गेली, पाकिटं उचलली आणि फोटोला म्हणाली, "हे पैसे तुमचे नव्हते हो. उगाच ठेवून घेतलेत." मी म्हटलं, "टॉवेल, चहा, सगळं तसंच आहे. घेऊन येते." तिनं फोटोकडे बघून हात हलवला. "ते त्यांनी दिलंय. मी कोण परत घेणारी?"

मग चष्मा लागला. तिन्ही पाकिटांतल्या नोटा दोनदा मोजून झाल्या. फुंकर, शिक्का. फुंकर, शिक्का. तिसऱ्या चौकोनावर तिचा हात थांबला.

"हा राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मारू."

"पुढच्या महिन्यात तुम्ही नागोयात असाल, आजी."

"मग ये की तिकडे पाकीट घेऊन."

नागोयाचं गाडीभाडं जवळजवळ एका हप्त्याएवढं आहे. मी जाणार नाही हे मला माहीत होतं, तिलाही माहीत असावं. मोठ्या माणसाला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्या मुलीच्या घरी, कुठल्याशा सहाव्या मजल्यावर ही एक चौकोन कोरा ठेवून पडून राहील, आणि तिला झोप लागणार नाही. मी वही तिच्यापुढं सरकवली.

"नको, आजी. मारा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का टेकवला, दाबला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच धरून ठेवला. उचलला तेव्हा तो जरा वाकडा उमटला होता. तिनं वही मिटली, काठीवर जमेल तेवढी वाकली आणि म्हणाली, "मिळाले, इंदो-सान. सगळे मिळाले."