चारकोपची हेर वहिनी

जगातली कुठलीही गुहा चारकोपात आणून बसवता येते, यावर माझ्या थोरल्या वहिनीचा ठाम विश्वास आहे. चारजणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे, असल्या खेळाचं तिला वेड. रद्दीतून जुन्या साहसांच्या पुस्तिका आणते, राक्षस-जादूगारांना हाकलते आणि त्याच कथानकात आजचे हेर घुसवते. अजगराची गुहा औद्योगिक वसाहतीतला बंद गाळा होते, राजवाडा वांद्र्याचं काचेचं ऑफिस. "आणि अदृश्य होण्याचा झगा?" मी एकदा विचारलं. "पार्सलवाल्याची पिशवी, रे! पाठीला लाव आणि चाल. कोण बघतंय तुझ्या तोंडाकडे?" हे खरं की खोटं, ते पाहायला ती स्वतः तसली पिशवी लावून पलीकडच्या सोसायटीत शिरली. वॉचमनने अडवलं नाही, पण दुसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू चाललं होतं. आमची हेर वाण आणि तिळाचे लाडू घेऊन परतली. भाजीबाजारात एका बाईचा पाठलाग करत होती, तर त्या बाईनेच वळून सांगितलं, "ताई, मेथी हवी ना? त्या कोपऱ्यावर ताजी आहे." वहिनीने मेथी घेतली आणि घरी येऊन पाठलागाचे नियम बदलले.

आई गेली आणि आमच्या बाबांनी बोलणंच सोडलं. हाक मारली की मान हलवायचे, तेवढंच. दादाने, मी, सगळे उपाय केले. शेवटी एका रविवारी वहिनीने त्यांनाही टेबलाशी बसवलं. जुन्या कथेत मनोऱ्यातला एक मौनी म्हातारा होता; तिने त्याला कोकणातल्या बंदरावरचा खबऱ्या केला. "बाबा, तुम्ही तो. नाही बोललात तरी चालेल."

आम्हा हेरांना चोरीची कागदपत्रं घेऊन निघालेली बोट अडवायची होती. दादाने खेळातच विचारलं, "आजोबा, कोणाची वाट बघताय?"

बाबांनी खिडकीकडे बघितलं. मग गावाकडच्या बोलीत म्हणाले, "घरकारीण येतली माझी. होडीतसून उतरताना तिचो पाय घसरता. हात देवक व्हयो."

त्यांची घरकारीण म्हणजे आमची आई. दादाने मान खाली घातली. वहिनीने हातातले फासे हलकेच खाली ठेवले. "आम्ही थांबू तुमच्याबरोबर?" मी विचारलं.

"बसा," बाबा म्हणाले. "वारो बरो आसा."

बोट आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. कागदपत्रं समुद्रापार पोचली, देशाची पार वाट लागली, आणि आम्ही सगळे त्या नसलेल्या धक्क्यावर, बाबांच्या शेजारी, उन्हं उतरेपर्यंत बसून राहिलो.