मापाचे जोडे

जूनच्या भर दुपारी, बाहेर काशीतल्या आमच्या गल्लीत लू वाहत असताना, मी माजघरात स्वेटर पसरून बसले होते. पंखा चालू होता, पण तो गरम हवा इकडची तिकडे करण्यापलीकडे काही करत नव्हता. मुलाकडे आयर्लंडला जायचं होतं. नातीचा पहिला वाढदिवस होता, आणि आम्हा दोघांचाही विमानातला पहिलाच प्रवास.

"आई, इथल्या मौसमाचा काही भरोसा नाही," मुलगा फोनवर सांगत होता. "सकाळी धूप, दुपारी पाऊस, शामला थंडी. गर्मीचे दिवस म्हणून नुसते सुती कपडे आणू नका. एकावर एक घालता येतील असे आणा."

हे ऐकून त्याच्या वडिलांना फार आनंद झाला. थंडीवाऱ्याची धास्ती घ्यायची सोडून माणूस खूश होतो म्हणजे काय, मला आधी कळेना. मग त्यांनी वरच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला आणि मी कपाळावर हात मारला.

त्या कपाटाचं सांगायला हवं. आमच्या घरात उपाध्येपण आहे. महाराष्ट्रातून काशीला येणारे यजमान बालाजी घाटाजवळ आमच्या घरी उतरतात, आणि त्यांच्या गेलेल्या माणसांचं कार्य आमचे हे करतात. कार्यानंतर पददान असतं. गेलेल्या जिवाला पुढच्या वाटेवर ऊन लागू नये म्हणून छत्री, काटे बोचू नयेत म्हणून जोडे, थंडी वाजू नये म्हणून शाल, घोंगडी, कधी स्वेटर. त्याच्या नावानं हे सगळं ब्राह्मणाला द्यायचं. ब्राह्मण म्हणजे आमचे हे. त्यामुळे आमच्याकडे कपडालत्ता विकत आणायची पद्धतच नाही. धोतरं येतात, उपरणी येतात, चपला तर इतक्या येतात की पावसाळ्यात त्यांना बुरशी चढते. बनियन तेवढे मी आणते.

यांचं म्हणणं एकच. दिलेलं वापरलं तरच ते त्या जिवाला पोचतं. छत्री कपाटात पडून राहिली तर तो तिकडे उन्हात उभा. म्हणून हे गंगेवर जाताना छत्र्या आळीपाळीनं नेतात, आज हिची पाळी, उद्या तिची. लोक हसतात. पण काशीत पाऊस पडून पडून किती पडणार आणि स्वेटर लागून लागून किती दिवस लागणार? कपाट भरतच गेलं. आणि आता यांना असा देश सापडला होता जिथे एका दिवसात ऊन, पाऊस, थंडी तिन्ही.

"अगं, एका दिवसात सगळ्यांचं पोचेल," पाच-सहा काळ्या छत्र्या काखेत धरून हे जिन्यावरून उतरत म्हणाले. चेहरा असा, जसा काही त्या देशाचा मौसम यांच्या सोयीसाठीच केलेला आहे.

मी हसले. रात्री मुलाला हसत हसतच सांगितलं. तो हसला नाही.

"आई, कपाटातलं काही आणू नका. प्लीज. हिचे आई-बाबा पण येणार आहेत पुण्याहून. काय सांगू मी त्यांना, ही छत्री कुणाची आहे?"

लहानपणी शाळेत पोरं त्याच्या पायाकडे बघून म्हणायची, किस मुर्दे की चप्पल है? एकदा तो अनवाणी घरी आला होता, तापलेल्या फरशीवरून. तेव्हा मी त्याला रागावले, अन्नाला आणि दानाला नावं ठेवू नयेत म्हणून. या वेळी मात्र मी लगेच म्हणाले, "नाही आणणार. तू काळजी करू नकोस." फोन ठेवल्यावर वाटलं, इतक्या लगेच कशी म्हणाले? मुलाची लाज समजण्यासारखी होती. माझी एवढ्या वर्षांची, भांड्याच्या तळाला लागल्यासारखी, खरवडायला कुणी आलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या पैशातून काही काढून घेऊन गोदौलियाच्या बाजारात गेले. मी गल्लीतल्या मुलींना संस्कृत शिकवते, त्यातलं थोडं माझं बाजूला असतं. पावसाचं जॅकेट मागितल्यावर दुकानदारानं माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"माताजी, जून में जैकेट? कश्मीर जा रही हैं?"

"और दूर."

"किसके लिए चाहिए? साइज़ क्या है?"

यांचं माप मला माहीत नव्हतं. छत्तीस की बेचाळीस, काही म्हणजे काही. मी दुकानात इकडे तिकडे पाहिलं आणि एका गिऱ्हाईकाकडे बोट करून म्हणाले, "इनके जैसे. थोड़े दुबले." तो बिचारा गृहस्थ कपडे बघायचे सोडून ताठ उभा राहिला. जॅकेट झालं, हलका स्वेटर झाला, मिटून पर्समध्ये मावेल अशी छत्री झाली. बुटांपाशी गाडी अडली.

"नंबर तो बताना पड़ेगा, माताजी. पैर में अंदाज़ा नहीं चलता."

घरी जाऊन चप्पल मोजावी म्हटलं, तर घरातल्या चपलांचा काय उपयोग? त्या देणाऱ्यांच्या अंदाजाच्या. कुणी सैल दिलेली, कुणी आखूड. सैल असली की हे पुढे कापूस कोंबतात, आखूड असली की टाच बाहेर ठेवून चालतात. या माणसाच्या पायाचं खरं माप घरात कुठेच नव्हतं. लग्न होऊन इतका काळ गेला, नातवंड झालं, मला यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत, आणि पायाचा नंबर ठाऊक नाही.

शेवटी पहाटे हे गंगास्नान करून आले तेव्हा चौकाच्या दगडावर ओल्या पावलांचे ठसे उमटले. हे आत गेल्यावर मी वाकून एका ठशावर दोरा धरला आणि वाळायच्या आत गाठ मारून घेतली. मग चोरी केल्यासारखा तो मुठीत लपवला. दोरा दुकानात नेला, आणि त्या मापाचे निळे, लेसचे बूट आणले.

आता यांना काय सांगायचं? विकत आणले म्हटलं असतं तर पहिला प्रश्न ठरलेला होता, घरात एवढं असताना विकत कशाला? आणि त्याचं खरं उत्तर माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तुम्ही घाटावर गेला होतात तेव्हा एक बाई आल्या होत्या. इंदूरकडच्या. त्यांनी दिलंय."

"पददान?"

"हो."

"कोण गेलं त्यांचं?"

एवढं पुढचं मी ठरवलंच नव्हतं. "त्यांचे यजमान," मी म्हणाले.

"नाव, गोत्र?"

"घाईत होत्या. विचारायचं राहिलं."

हे रागावतील असं वाटलं होतं. कारण दान घेतलं की ते पचवायला जप करावा लागतो, आणि जपाला नावगोत्र लागतं, हे यांचं आयुष्यभराचं व्रत. फुकटचं घेऊन नुसते बसणाऱ्यांना हे फार बोलतात. पण म्हणाले, "असू दे. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. कशानं गेले काही म्हणाल्या?"

"हृदयविकार," मी म्हणाले. तेवढं बोलून मी स्वयंपाकघरात निघाले, तर मागून यांचा आवाज आला.

"अगं, हे बघ."

यांनी बूट पायात घातले होते. लेस तशाच लोंबत होत्या. हे उभे राहिले, चार पावलं चालले, परत आले.

"बरोबर बसतात. कापूस नको, काही नको. मापाचं दान माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आलं. गेलेला माणूस माझ्याएवढाच असणार. आणि बाईनं किती विचार करून दिलंय बघ. फार जीव असणार तिचा त्याच्यावर."

मी कणीक मळायला बसले. पाणी जास्त पडलं, पीठ घातलं, मग पाणी कमी पडलं. दोन माणसांसाठी परातभर कणीक झाली.

दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे घाटावर जास्त वेळ बसू लागले. मी घरात बॅगा भरत होते. स्वेटर, त्याच्यावर जॅकेट, त्याच्यावर माझी शाल. भरताना सारखं डोळ्यांपुढे येई, हे पायरीवर बसून एका काश्यपगोत्री माणसाला पुढची वाट सुखाची जावी म्हणून माळ ओढताहेत, आणि तो माणूस कुठेच नाही. नाही कसा? यांच्या अंगाचा, यांच्या पायाचा, हृदयविकारानं गेलेला आणि मागे बायको असलेला एक माणूस मी माझ्या तोंडानं मारून ठेवला होता. मी शकुन-अपशकुन फारसे मानत नाही असं शिकवणीच्या मुलींना सांगत असते. त्या दिवसांत मी यांच्या गोळ्या दोनदा दोनदा तपासत होते. खाई त्याला खवखवे.

तरी मी गप्प राहिले असते. माझ्या अंगात तेवढा कोडगेपणा आहे. पण निघायच्या आदल्या सकाळी हे संकठा देवीच्या दर्शनाला जाऊन आले आणि माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली.

"त्या इंदूरच्या बाईंना पोस्टानं पाठव. पत्ता नसेल तर त्या कुठे उतरल्या होत्या तिथे विचारून घे. एकट्या पडल्या असतील. प्रसाद आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पुडीत कुंकू होतं, ते मी काढून देवघरात ठेवलंय. उगाच त्यांच्या जिवाला लागायचं."

ती पुडी माझ्या तळहातावर होती. ती बाई म्हणजे मीच, तेव्हा माझ्यासाठीच आणलेली, कुंकू काढून घेतलेली. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

"कुणी बाई आली नव्हती," मी म्हणाले. "ते मी विकत आणलं. कुणी गेलेलं नाही."

यांना समजायला वेळ लागला. "मग काश्यप?"

"कुणी नाही."

"म्हणजे इतके दिवस मी..." मग ज्याची मला भीती होती तेच यांनी विचारलं, पण वेगळ्या आवाजात. "घरात एवढं असताना का?"

मी सांगितलं. मुलाच्या सासू-सासऱ्यांचं सांगितलं, शाळेतल्या चपलांचं सांगितलं.

"त्याला लाज वाटते," हे म्हणाले.

"हो."

"आणि तुला?"

खोटं बोलायला आता काही शिल्लक नव्हतं. "मलाही," मी म्हणाले.

यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, जुन्या सैल चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले. फटक फटक आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. तो आवाज मी आयुष्यभर ऐकला होता आणि मला वाटायचं, यांची चालच तशी आहे.

दुपारी उन्हाचे परत आले. जेवले. मी वाढताना एकदा "रागावलात?" असं विचारलं, तर म्हणाले, "भात वाढ." मग वरच्या खोलीत गेले आणि एकच काळी छत्री घेऊन खाली आले. बॅगेशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाजूला झाले. नेऊ का, असं विचारलं नाही. मागायची सवय नाही त्यांना, समोर येईल ते घ्यायची आहे.

मी मुलाला फोन लावला. हे ऐकत होते. म्हटलं, "कपाटातली एक छत्री येते आहे. लांब दांड्याची आहे, बॅगेत मावत नाही, बाबा हातात घेऊन येतील. तुझ्या सासूबाईंनी विचारलं तर त्यांना कुणाची आहे ते सांग. नाहीतर मी सांगेन." मग तो म्हणाला, "इथे वारा फार असतो आई. बाबांना सांग, घट्ट धरायला लागेल."

संध्याकाळी हे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ते बूट आण. उद्या विमानतळावर फजिती नको, एकदा घालून बघतो." लेस बांधणं यांना येत नव्हतं. आजवर आलेल्या जोड्यांत लेसचे कधी आलेच नव्हते. मी खाली जमिनीवर बसले आणि यांचा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा होत्या, आणि सैल चपला धरून धरून पायाची बोटं आत वळलेली होती. हे मी पाहिलेलं नव्हतं असं नाही.

"लग्नात तुझ्या वडिलांनी जोडे दिले होते," हे वरून म्हणाले. पंचांगातली तिथी सांगावी तसं, तक्रार नाही, काही नाही. "त्यानंतर कुणी गेल्याशिवाय मिळालेले हे पहिलेच."

मी गाठ मारत होते. नीट बसली होती. वर बघायला लागू नये म्हणून मी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.