भोंग्याची खूण

साखर कारखान्यात एक हंगाम काढला की दोन गोष्टी साठतात, उसाची चिपाडं आणि किस्से. चिपाडं बॉयलर खातो. किस्से मलाच संपवायला हवेत!

मी नगरहून बी.एस्सी. होऊन सोनईजवळच्या कारखान्यात लागले. काम मीटरवरचे कागद बदलायचं. गोल कागद घड्याळाच्या चावीवर फिरतो, पेन त्यावर रेघ ओढतं, बॉयलरवर वाफेच्या दाबाची, ऊस पिळणाऱ्या मिलवर वेगाची. काय कधी झालं ते कळतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "हंगामभर ठेवतो. मग बघू."

त्या 'बघू'नं माझी झोप उडाली.

*

पहिल्याच दिवशी मिलच्या मीटरमध्ये शाई भरत होते, आणि शिफ्टचा भोंगा झाला! मी किंचाळले, हात पेनाला लागला, कागदावर हा एवढा फराटा!

मिलचे फोरमन शेळके म्हणाले, "अहो बाई, भोंगा आहे तो, वाघ नाही!"

*

बॉयलरच्या मीटरचं घड्याळ मागे पडायचं, मिलच्या मीटरचं पुढे पळायचं. त्या फराट्यावरून सुचलं, भोंगा तर दोन्हीकडे एकदमच ऐकू येतो! मग ठरवलं, भोंगा झाला की दोन्हीकडे पेनाला टिचकी मारायची.

बॉयलरचे दगडूमामा टिचकी मारायचे, पण हसून. "पेनाची दिष्ट काढती व्हय, पोरी?"

शेळके मात्र "वाघ आला!" ओरडून टिचकी मारायचे.

*

एक दिवस मिल बंद पडली. उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली.

शेळके म्हणाले, "वाफ उतरली म्हणून मिल थांबली."

"न्हाई साहेब!" दगडूमामा म्हणाले. "आदी मिल आडकली. मंग मी जाळ कमी केला."

कागदांवरचे तास शेळक्यांच्या बाजूचे. मॅनेजरसाहेब मामांना घरी बसवायला निघाले. "बाई, कागद खोटं बोलतो का?"

मी म्हटलं, "कागद नाही सर, घड्याळं बोलतात!"

दोन्ही गोल कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. छापील तास सोडून दिले. टिचकीवर टिचकी येईपर्यंत वरचा फिरवला. मिलची रेघ आधी पडली होती!

शेळके कागदाकडे बघत राहिले. "वाघानं आम्हालाच खाल्लं की!"

*

मग मीटर दुरुस्तीला पुण्याचे इंजिनिअर आले. "भोंग्यावर विश्वास? अनसायंटिफिक!" तेवढ्यात भोंगा झाला. कपातला चहा त्यांच्या शर्टावर!

दगडूमामा शांतपणे म्हणाले, "दचकला तर दचकला साहेब, पन टिचकी ऱ्हायली की!"

*

हंगाम संपला. मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मी पदरानं घाम पुसत उभी. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"हे मागं पडतंय."

"बघते, सर. संध्याकाळी देते."

"घाई नाही. पुढच्या हंगामाला आलात की द्या."