रंग न दिलेली स्लेड

गेनोर पॅस्को एकोणतीस वर्षं आमच्या वृद्धाश्रमात खाटा आणि चाकाच्या खुर्च्या ढकलत होती. मी तिथेच हिशेबाचं काम बघतो, आणि मूंटा गावात तिच्या शेजारच्या घरात राहतो. संध्याकाळी तिच्या अंगणात बसून एकेक बिअर घ्यायची, हा आमचा जुना नेम.

गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्या गुडघ्याची वाटी बदलली. कामावर परत यायचं तर ऑक्टोबरात परीक्षा होती. नव्वद किलो वजन ठेवलेली खाट रॅम्पवरून पंचवीस मीटर वर न्यायची, न थांबता. जमलं नाही तर धुलाईघरात चादरींच्या घड्या, त्याही आठवड्याचे दोनच दिवस.

"घड्या काय, मेल्यावरही घालेन," ती म्हणाली. "ट्रेलोअरआजोबांना खिडकीशी कोण नेणार? नव्या पोरी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवतात, लेक्स. शिक्षा केल्यासारखं."

फिजिओ बाईंनी सांगितलं, स्लेड ढकल. स्लेड म्हणजे बिनचाकी लोखंडी गाडा. वर वजन ठेवायचं आणि जमिनीवरून रेटत न्यायचा. स्लेड असलेली जिम शेजारच्या कडिना गावात, आणि तिथे वर्षाची वर्गणी आधी भरावी लागे. म्हणून घरीच घ्यायची ठरली आणि निवड माझ्याकडे आली. असं काम मला आवडतं. मी कागदावर रकाने आखले.

नवी कोरी चारशे डॉलरची, आणि ॲडलेडहून आणायचा खर्च वेगळा. नव्यांतली सगळ्यात स्वस्त ऐंशीची, पण तिला दांडे नव्हते, कमरेला पट्टा बांधून ओढायची. गेनोर तिच्यावरच अडून बसली.

"अगं, तुला परीक्षेत खाट ओढायचीय की ढकलायची?"

"तुझ्यासारख्याला वीस वर्षं ओढतेच आहे की!"

शेवटी फुटबॉल क्लबची जुनी स्लेड सापडली. क्लबच्याच माणसांनी वेल्डिंग करून बनवलेली, सत्तर डॉलरला. मी गुडघ्यावर बसून खालच्या पट्ट्या तपासल्या. गवतावर नीट सरकतील अशा होत्या. दांडेही भक्कम होते. फक्त सगळी गंजून तपकिरी झाली होती.

"अजून वीस द्या, घासून लाल रंग मारून देतो," क्लबचा नेव्ह म्हणाला. "क्लबच्या पोरांच्या बुटांचा वासही जाईल."

गेनोरने पाकीट उघडलं. मी ते मिटलं.

"ढकलायचीय ना? की मिरवायचीय?"

ती हसली. नेव्हही हसला.

घरापुढे रस्त्याकडेला गवताची पट्टी आहे, तिथे सराव सुरू झाला. वजन म्हणून कोंबड्यांच्या दाण्याची पोती. आधी दोन, मग तीन, मग चार. पोती मी चढवायचो. सराव झाला की पोती आत न्यायची, नाहीतर गुलाबी काकाकुवे फाडतात. स्लेड मात्र तिच्या गुडघ्याला आणि माझ्या कंबरेला झेपणारी नव्हती, ती बाहेरच राही. तिला कुणी हात लावला नाही. सप्टेंबर संपता संपता गेनोर तिच्या टपालपेटीपासून माझ्या टपालपेटीपर्यंत जाऊन परत यायला लागली, मध्ये न थांबता.

मग नगरपालिकेचा अडगळीचा आठवडा आला. नको असलेलं सामान त्या पट्टीवर ठेवायचं. ट्रक येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. विचारायचं नाही, रागवायचं नाही. रविवारी आम्ही तिची जुनी गादी बाहेर काढली. खालच्या ओल्या गवतात भिजू नये म्हणून स्लेडच्या दांड्यांना टेकवून उभी केली.

सोमवारी दुपारी गादी तिथेच पडली होती. स्लेड नव्हती.

गावातल्या एकुलत्या भंगारवाल्याचं, मर्व्हचं, आवार आम्ही तासाभरात गाठलं. तो डबा उघडून सँडविच खात होता.

"गादीला टेकलेलं गंजकं लोखंड," तो म्हणाला. "मला वाटलं पलंगाचा सांगाडा. सकाळीच कापला, बाई."

"दांडे दिसले नाहीत तुला? लोकांच्या दारातून सरळ..." मी आवाज चढवला. गेनोरने माझी बाही धरली.

"गप्प बस, लेक्स. माझ्या अंगणातल्या सगळ्या खुर्च्या अशाच कुणाच्या तरी दारातून उचलल्यात. तू बसतोस तीसुद्धा. कुठल्या तोंडाने भांडू?"

मर्व्हने मान खाली घातली. "रंगवलेली असती तर विचारलं असतं, खरंच."

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. नवी मागवली तर महिना लागणार होता. मग स्लेडऐवजी ती माझी गाडी ढकलायची, मी आत बसून स्टिअरिंग धरायचो. पाचव्या दिवशी गुडघा सुजला.

परीक्षेच्या दिवशी खाट एकवीस मीटरवर थांबली. व्यवस्थापक ब्रेंडन चाकांकडे बघत म्हणाला, "फार छान प्रयत्न केलास, गेनोर."

"छान म्हणू नकोस, बाळा. नाही म्हण."

त्याने नुसतं कागदावर लिहिलं.

आता ती मंगळवारी आणि गुरुवारी घड्या घालते. सकाळी जाता जाता मी ट्रेलोअरआजोबांची खुर्ची खिडकीकडे वळवतो. जेवणापर्यंत ती पुन्हा भिंतीकडे असते.

यंदाच्या अडगळीच्या आठवड्यात गेनोरने अंगणातल्या सगळ्या खुर्च्या रस्त्याकडेला मांडल्या.

"माझीसुद्धा?"

"तुझीसुद्धा, लेक्स."

आवाजात राग नव्हता. दुपारपर्यंत सगळ्या उचलल्या गेल्या. संध्याकाळी मी बिअर घेऊन गेलो आणि कुंपणाशी उभा राहिलो. ती आतल्या दिव्याखाली काहीतरी वाचत होती. थोडा वेळ थांबून मी बाटली न उघडताच परत आलो.